माळ, वाट आणि राखीव वन : लोहारा परिसरातील आडवाटांच्या प्रवासाचा इतिहास

सरकारी वनजमिनीवरून एटीव्ही हाकत दोन-तीन दिवस भटकणे हा अमेरिकेत चांगलाच रुळलेला छंद आहे. चार फुगीर, कमी हवेचे टायर, मोटारसायकलीसारखे हँडल आणि घोड्यासारखी बैठक असलेली ही गाडी. तिच्यासाठी तेथील वनखाते दरवर्षी नकाशे काढते आणि कोणत्या वाटेवर कोणती गाडी, कोणत्या महिन्यांत चालेल हे त्यांवर छापते. भारतात गाडी आली, हौसही आली. वनजमिनीवरचा हा प्रवास मात्र रुजला नाही. त्याचे कारण गाडीच्या किमतीत शोधले तर हाती फारसे लागत नाही. वनजमिनीवरून कोणी, कशाने आणि कोणत्या वाटेने जावे हे ठरवणारे कायदे, नकाशे आणि रिवाज या यंत्राच्या शे-दीडशे वर्षे आधीच घडून गेले होते. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा परिसरात ही घडण विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे जंगल जवळजवळ नाही. वनजमीन मात्र आहे.

लोहारा तालुका बालाघाटच्या पठाराच्या पूर्व उतारावर आहे. २००१ च्या जनगणनेत तो स्वतंत्र तालुका म्हणून दिसतो. त्याआधी लोहारा गाव उमरगा तालुक्यात मोडत असे. दक्षिणेला सोलापूर–हैदराबाद हमरस्ता, उत्तरेला तुळजापूरहून औसा-लातूरकडे जाणारा रस्ता, आणि मधल्या पट्ट्यात काळी शेतजमीन व मुरमाड माळ यांची आलटून-पालटून मांडणी. जिल्ह्यातून वाहत आलेली तेरणा नदी माकणीजवळ निम्न तेरणा धरणात अडवलेली आहे. संपूर्ण जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. येथे 'वन' म्हणून नोंदलेल्या जमिनीचा मोठा भाग म्हणजे गवत, तरवड, बोर-बाभळी आणि मधूनमधून उघडा पडलेला खडक. बाहेरून येणाऱ्याला ती मोकळी, कोणाचीच नसलेली जागा वाटते. हा गैरसमज जुना आहे आणि सरकारदरबारीही तो बराच काळ टिकला.

रस्ता नसलेल्या मुलखातून चाकांवर जाण्याची या भागातील नोंद जवळजवळ दोन हजार वर्षे जुनी आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत तगराचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून तेथून साधे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो सांगतो. हा माल गाड्यांवरून आणि फार मोठ्या बिनरस्त्याच्या प्रदेशातून न्यावा लागतो, हे त्याने मुद्दाम नमूद केले आहे. तेरणेच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या व्यापाराचा पहिला टप्पा असा आडवाटेचाच होता. तेरच्या उत्खननात रोमन जगाशी आलेल्या संबंधांच्या खुणा मिळाल्या. ज्या चाकोऱ्यांवरून हा माल गेला त्यांची खूण राहणे शक्य नव्हते. काळ्या मातीत पडलेली चाकोरी दोन-चार पावसाळ्यांत बुजते आणि गाडीवान पुढच्या उन्हाळ्यात थोडी बाजूची वाट धरतो.

गाडीपेक्षाही अधिक काळ या भागात ओझ्याचा बैल चालला. लमाण तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचे वर्णन केले आहे. एवढ्या जनावरांचा ताफा बांधीव रस्त्यावरून जात नाही. त्याला रुंद पट्टा लागतो, रोजच्या मुक्कामाला चारा लागतो, पाणी लागते. पडीक माळ हेच तांड्याचे रस्तेही होते आणि खानावळही. गावाच्या हद्दीत थांबायचे तर पाटलाची संमती घ्यावी लागे. पण माळ ओलांडण्यासाठी परवाना मागावा अशी कल्पना नव्हती. नळदुर्ग, उमरगा आणि लोहारा या पट्ट्यात आज दिसणारे स्थिरावलेले तांडे याच फिरत्या धंद्याचे उरलेले रूप आहे. पुढे रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर हा धंदा बसला. त्याच सुमारास चाऱ्याच्या जमिनींवर वनखात्याची सीमा आली. दोन्ही घाव एकाच पिढीवर पडले.

आधुनिक अर्थाने रस्ते आखण्याचा प्रयत्न या भागात १८५३ नंतर झाला. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला. टेलर हा 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक म्हणून ओळखला जातो. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने 'तारा' ही कादंबरीही लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नळदुर्ग जिल्ह्यातील रस्ते, तलाव आणि जमीनमोजणी यांची हकिकत आहे. कादंबरीकार म्हणून तो मोठा होता की नाही यावर वाद होऊ शकतो. पण वाट, पाणी आणि मोजणी ही तीन कामे एकत्र करावी लागतात हे त्याने नेमके ओळखले होते. १८६० मध्ये हा जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गलाच होते, मग ते धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, हलले.

निजामाच्या राज्यात पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती १८७० च्या दशकात, दिवाण पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत. तिच्यासाठी मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत उचलली गेली, म्हणजे १८३५ पासून इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली रीत. या मोजणीने वाटांचे स्वरूप कायमचे बदलले. तोवर वाट वापराने ठरत होती. आता ती कागदावर आली. गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवण्याची रूढी पडली. रुंदीही ठरली. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचा उगम मोजणीच्या साखळीत आहे. साखळी तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. अर्धी साखळी म्हणजे गाडीवाट, पाव साखळी म्हणजे पायवाट. महाराष्ट्रातील रस्त्यांच्या तंट्यांत तहसीलदारासमोर आजही हीच मापे काढली जातात. शेजाऱ्याने बांध कोरून पाणंद चार फुटांवर आणली, तर तक्रारदाराचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे नकाशातील ती तुटक रेषा.

वनजमिनीची कथा याच्या नेमकी उलट दिशेने गेली. मोजणीने शेतांमधल्या वाटांना नाव आणि रुंदी दिली. वनकायद्याने माळावरच्या वाटांचे अस्तित्वच परवानगीवर ठेवले. ब्रिटिश मुलखात १८६५ चा पहिला आणि १८७८ चा दुसरा, अधिक कडक वनकायदा आला. दुसऱ्या कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. पुणे सार्वजनिक सभेने या विधेयकाला विरोध नोंदवला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गावची गायराने आणि पडीक जमिनी जंगलखात्याने गिळल्याचा जो आरोप केला, तो पुढे पन्नास वर्षे वेगवेगळ्या तोंडांनी उच्चारला गेला. १९३० मध्ये पुसद, बिळाशी आणि चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले, तेव्हा गवत कापणे आणि लाकूड तोडणे या साध्या कृती राजद्रोहाच्या बरोबरीला पोहोचल्या होत्या.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील दोन कलमे प्रवाशाच्या दृष्टीने कळीची आहेत. कलम २५ प्रमाणे राखीव वनातून जाणारी कोणतीही सार्वजनिक किंवा खासगी वाट वन अधिकारी शासनाच्या मंजुरीने बंद करू शकतो. अट एकच, की सोयीची पर्यायी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. सोयीची कोणती हे ठरवण्याचा अधिकार शासनाचा. कलम २६ प्रमाणे राखीव वनात अनधिकृत प्रवेश हाच अपराध आहे. वन राखीव जाहीर होण्यापूर्वी वन जमाबंदी अधिकारी गावोगावचे दावे ऐकतो. त्यात वाटेचा हक्क मागता येतो. ज्या गावाने तेव्हा मागितला नाही, त्याचा वहिवाटीचा हक्क संपला. निरक्षर गुराख्याने सरकारी जाहीरनामा वाचून ठरावीक मुदतीत अर्ज करावा, ही अपेक्षा किती वाजवी होती हे सांगण्याची गरज नाही.

हैदराबाद संस्थानात हे सारे थोडे उशिरा आणि अधिक गुंतागुंतीने झाले. दिवाणी मुलूख, निजामाचा खासगी सर्फेखास, पायगा आणि जहागिरी अशा निरनिराळ्या मालकीखाली जमीन विभागलेली होती, आणि एका शिवारातून दुसऱ्यात जाताना चराईची रक्कम गोळा करणारा शिपाई बदलत असे. संस्थानाचा अखेरचा वनकायदा १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५-४६ चा. त्याला जेमतेम दोन वर्षे होतात तोच स्वातंत्र्यलढ्यात मराठवाड्यातील गावांनी शिंदीची झाडे तोडण्याची मोहीम हाती घेतली, कारण शिंदीच्या अबकारीवर निजामाचा महसूल उभा होता. लोहारा तालुक्यातीलच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि त्यांच्या माळरानांची मालकी सरकारकडे आली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६१ च्या एकीकरण कायद्याने भारतीय वन अधिनियम येथेही लागू झाला. लोहाऱ्याच्या माळावरून बैलगाडी नेण्याचा प्रश्न तेव्हापासून डेहराडूनच्या सालवनातील प्रश्नाइतकाच आणि त्याच कलमांनी सोडवला जाऊ लागला.

वाहतुकीत मधल्या काळात दोन मोठे बदल झाले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. लोहारा तिच्या वाटेवर नव्हता, त्यामुळे तेथे बैलगाडीचे राज्य आणखी अर्धशतक टिकले. दुसरा बदल १९७२ च्या दुष्काळाचा. पोटासाठी खडी फोडणाऱ्या हजारो हातांनी मराठवाड्यात जे कच्चे रस्ते आणि पाझर तलाव उभे केले, त्यांनी गावांना प्रथमच बारमाही वाटेची चव दिली. रोजगार हमी योजनेच्या रस्त्यांची हेटाळणी खूप झाली. ते पावसात वाहून जात हे खरे, पण पुढच्या डांबरीकरणाची आखणी त्यांच्यावरूनच झाली.

जीप आली ती या दोन्हींच्या दरम्यान. दुसऱ्या महायुद्धात घडलेली ही गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्र कंपनीने भारतात जुळवायला सुरुवात केली आणि लवकरच ती साहेबाची, पुढाऱ्याची व शिकाऱ्याची गाडी झाली. रस्ता सोडून माळावर जाऊ शकणारे हे पहिले यंत्र होते आणि त्याचा पहिला परिणाम वाईट निघाला. रात्री दिव्याच्या झोतात डोळे चमकले की जनावर थबकते. काळवीट, चिंकारा आणि माळढोक यांच्या मोकळ्या माळांवर लपायला झाडही नसते. भारतातील अखेरचे समजले जाणारे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानाच्या राजाने रात्री गाडीतून जाताना मारले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीवरच्या मूळ बंधनांमध्ये गाडीतून शिकार करण्यास स्पष्ट मनाई घालावी लागली ती अशा अनुभवामुळे. यंत्रावर बसून रानात येणाऱ्याकडे वनखाते संशयाने पाहते, त्या संशयाला हा इतिहास आहे.

माळाचे मोल सरकारला पटण्यास वेळ लागला. लोहाऱ्यापासून फार लांब नसलेल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या गवताळ रानात माळढोक आहे हे सत्तरच्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचा कागदोपत्री विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात शेते, गावे आणि शहरेही आली. इतके मोठे क्षेत्र राखणे अशक्य असल्याने पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. टिटवी, धाविक आणि चंडोल यांची घरटीही जमिनीवरच असतात. गाडीवरून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत. रुंद, मऊ टायर जमिनीवर कमी दाब देतो हा एटीव्ही विक्रेत्यांचा दावा मातीपुरता खरा आहे, अंड्यापुरता नाही.

धाराशिव जिल्ह्याचे स्वतःचे अभयारण्य येडशीचे. रामलिंग घाटाच्या दऱ्यांतील सुमारे २२ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९७ मध्ये अभयारण्य झाले. दरीतील रामलिंगाच्या देवळाला श्रावणात गर्दी होते, त्यामुळे तेथे मुख्य प्रवासी भाविक आहे आणि तो देवापर्यंत ठरलेल्या वाटेने जातो. अभयारण्यात प्रवेशाचे नियमन वन्यजीव अधिनियमाच्या कलम २७ आणि २८ ने होते. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळतो. परवान्यावर वाटही ठरलेली असते. ताडोबा आणि मेळघाटात सफारीच्या गाड्या ठरावीक रस्त्यांवरूनच का फिरतात, याचे उत्तर याच कलमांत आहे.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने आणखी एक कुलूप लावले. वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी हवी. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वन, मालकी कोणाचीही असो, असा निर्णय दिला. २०२३ च्या दुरुस्तीने पर्यावरण-पर्यटनाच्या सोयींना या बंधनातून काही सूट दिली; पण यंत्रांसाठी नवी वाट खोदणे ही सोय त्यात आपोआप येत नाही. जमिनीवर बदल त्याहून आधी दिसला होता. १९८२ मध्ये स्थापन झालेले सामाजिक वनीकरण खाते आणि प्रादेशिक वनविभाग यांनी माळांवर रोपवने उभारली, उतारांवर सलग समतल चर खोदले, कडेने गुरेप्रतिबंधक चर काढले. जुन्या गाडीवाटा या चरांनी जागोजागी तुटल्या. गुगलच्या उपग्रह चित्रात सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात दर काही फुटांवर खंडित असते, आणि ती खंडित असण्यामागे हेतू असतो.

लोहारा भागात एक बदल निसर्गानेही घडवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे उद्ध्वस्त झाली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावठाणांना रुंद, सरळ रस्ते मिळाले. मोजणीच्या नकाशातील जुन्या तुटक रेषा मात्र अजून जुन्या गावठाणाकडेच जातात. या भागात कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांत इतर तालुक्यांपेक्षा अधिक फरक सापडतो, त्याचे एक कारण हे आहे.

आता खुद्द यंत्राकडे. होंडा कंपनीने १९७० मध्ये तीन चाकांची फुगीर टायरची गाडी अमेरिकेत विकायला आणली. बर्फ पडल्यावर मोटारसायकलींचा धंदा थंडावे, त्या काळात विक्रेत्यांना काही विकता यावे हा साधा हेतू होता. सुझुकीने १९८२ च्या सुमारास चार चाकांचे रूप आणले. तीनचाकी वळणावर उलटत. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये सरकार आणि उत्पादक यांच्यातील तडजोडीने त्यांची विक्री थांबली. सार्वजनिक जमिनीचा प्रश्न त्याआधीच पेटला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ८ फेब्रुवारी १९७२ रोजी आदेश काढून प्रत्येक सार्वजनिक जमिनीवर अशा गाड्यांना कोठे मुभा आणि कोठे मनाई हे ठरवण्यास सांगितले. कार्टर यांनी १९७७ मध्ये नुकसान होणारी वाट ताबडतोब बंद करण्याचा अधिकार दिला. तरीही वनखात्याच्या जमिनीवर कोठेही फिरण्याची सवय मोडायला २००५ चा नियम यावा लागला. त्याने तत्त्वच उलटे केले. पूर्वी बंदीची पाटी नसेल तेथे वाट खुली मानली जाई. आता नकाशावर खुली दाखवली नसेल ती बंद. तेथील अनेक वाटांवर गाडीची रुंदी पन्नास इंचांच्या आत लागते. म्हणजे सव्वाचार फुटांहून किंचित कमी. मोजणीच्या पायमार्गात अशी गाडी सहज मावते.

भारतात पोलॅरिस या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये उपकंपनी उघडली. गाड्या विकल्या गेल्या त्या मुख्यतः रिसॉर्ट, शेतघरे, सुरक्षा दले आणि किनाऱ्यावरच्या धंदेवाल्यांना. लोणावळा, पाचगणी, अलिबाग येथे पर्यटकाला पाचशे-हजार रुपयांत दोन फेऱ्या मारायला मिळतात. पण मोटार वाहन कायद्याखाली यातील बहुतेक गाड्यांची नोंदणी होत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर त्या उतरवता येत नाहीत. या अडचणीतून निघालेला मार्ग मजेशीर होता : पोलॅरिसने स्पोर्ट्समन ५७० हे एक रूप शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतले आणि रस्त्यावर आणले. ज्या यंत्राला अमेरिकेत छंदाचे साधन मानतात, ते भारतीय रस्त्यावर औताच्या वर्गात दाखल झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टोकाचे उदाहरण माथेरानचे. तेथे गावात मोटारींना मनाई आहे आणि २००३ च्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने तिला कायद्याचे बळ मिळाले. हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षा सुरू करायलाही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

लोहाऱ्यात आज एखाद्या गटाला अशी भ्रमंती आखायची असेल, तर कामाचा क्रम या इतिहासानेच ठरतो. आधी जमिनीचा वर्ग पाहायचा. सातबारा आणि गाव नकाशा यांवरून शेत, गायरान, पाणंद आणि वन वेगळे काढता येतात. वनाच्या बाबतीत अंतिम शब्द वनविभागाच्या नकाशाचा आणि कक्ष क्रमांकाचा. गायरान सरकारी असले तरी ते गावच्या गुरांसाठी आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीला डावलून तेथे जाणे शहाणपणाचे नाही. वनजमिनीसाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत विभागीय कार्यालयात जातो. फार तर आधीपासून असलेल्या वनरस्त्यावरून, मर्यादित कारणासाठी परवानगी मिळण्याची आशा धरावी. जाळरेषा म्हणजे रस्ता नव्हे, ती वणवा अडवण्यासाठी साफ ठेवलेली पट्टी असते. साहसी पर्यटनाचा धंदा म्हणून हे करायचे असेल तर राज्याच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते.

हंगामाचे गणित गाडीवानांच्या काळापासून बदललेले नाही. जून ते सप्टेंबर काळी माती चाकाला धरते. बैल ओढून काढत असे, यंत्र रुतते आणि काढताना वाट कायमची खराब करते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. तापलेल्या सायलेन्सरने वाळले गवत आणि गाडीच्या पोटाला चिकटलेला काडीकचरा पेट घेऊ शकतो. उरतात ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस. त्यातही ज्वारी, हरभरा उभा असताना बांधावरून गाडी घालणाऱ्याला शेतकरी अडवणारच. नळदुर्ग, तेर, माकणी आणि येडशी ही ठिकाणे एका फेरीत घेता येतात, पण ती जोडणारे रस्ते डांबरी आहेत आणि त्यांवर नोंदणीकृत वाहनच चालते.

महाराष्ट्रातील राखीव वनांत खासगी एटीव्हीसाठी अमेरिकेसारखे आखून दिलेल्या वाटांचे जाळे नाही, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जेथे वनच एक टक्क्याहून कमी आहे, तसे असण्याची मागणी टिकणारही नाही. हौस भागवायची तर मालकाच्या संमतीने घेतलेला खासगी माळ पुरेसा आहे. लोहारा परिसराचे खरे आडवाटेचे धन त्याच्या पाणंदींमध्ये आहे. त्या नकाशावर आहेत, सार्वजनिक आहेत, आणि कित्येक ठिकाणी अतिक्रमणाने व काटेरी बाभळीने बंद पडल्या आहेत. २०२१ मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून अशा वाटा मोकळ्या करून त्यांवर खडी-मुरूम टाकण्याची तरतूद झाली. तिचा लाभ कोणत्या गावाला मिळाला आणि कोणती पाणंद अजून अडलेली आहे, याची विचारणा ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात करता येते.